पेनड्राइव्ह थेट प्रिंटरला लावता येतो!

झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर कधी नीट बघितलाय का तुम्ही? डेस्कटॉपवर कुणाचं आधार, कुणाचं पॅन, कुणाची बारावीची मार्कशीट, कुणाचा भाडेकरार. दुकानदार काही वाईट नसतो हो. समोर दहा माणसं उभी असताना प्रत्येकाची फाइल पुसत बसायला त्याला वेळ कुठे असतो?

मला हे खटकायला लागलं ते आईचे रिपोर्ट प्रिंट करायला गेले तेव्हा. आमची फाइल शोधताना दुकानातल्या मुलाने आधी तीन-चार अनोळखी लोकांचे रिपोर्ट उघडले आणि बंद केले. त्यातल्या एका बाईंचं नाव, वय आणि आजार, सगळं मला दिसलं. त्यांना हे कधीच कळणार नाही. आणि आईचे रिपोर्ट पुढे कोणाला दिसणार, हे मला कळणार नाही.

त्यानंतर मी पेनड्राइव्हवर आले. बऱ्याच प्रिंटरना पुढच्या बाजूला यूएसबीची चपटी खाच असते. त्यात पेनड्राइव्ह लावायचा, प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर फाइल निवडायची, प्रिंट काढायची. मध्ये कॉम्प्युटर नाहीच. (मागची चौकोनी खाच कॉम्प्युटरच्या वायरची, तिथे खटपट करू नका.) दुकानातल्या मोठ्या मशीनलाही ही सोय अनेकदा असते, फक्त आपण विचारत नाही.

फाइल पेनड्राइव्हवर टाकायलाही कॉम्प्युटर लागत नाही. ओटीजी पेनड्राइव्ह सरळ फोनला लागतो. मात्र तो फॅट३२ फॉरमॅटचा हवा. मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह बऱ्याचदा एक्सफॅट असतात आणि अनेक प्रिंटर ते वाचतच नाहीत. मी साधा १६ जीबीचा वापरते, कागदपत्रांना तेवढा पुष्कळ झाला.

वर्डची फाइल बहुतेक प्रिंटर घेत नाहीत. काही फक्त जेपीईजी फोटो घेतात, काही पीडीएफही घेतात. मराठी अर्ज असेल तर तसंही पीडीएफच बरं. त्यात फाँट सोबत जातो, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर आपल्या जोडाक्षरांचं काय होतं ते महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको! फाइलचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण प्रिंटरच्या पडद्यावर देवनागरीचे चौकोन होऊ शकतात.

खरी अडचण येते ई-आधारची. त्या पीडीएफला पासवर्ड असतो आणि पासवर्ड टाकायची सोय बहुतेक प्रिंटरवर नसते. मग फोनवर पासवर्ड टाकून फाइल उघडायची, प्रिंटचा पर्याय निवडायचा आणि तिथून नवीन पीडीएफ सेव्ह करायची. बऱ्याच फोनवर हे जमतं. चालणार असेल तिथे मास्क्ड आधारच द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट झाली की ती बिनपासवर्डची प्रत पेनड्राइव्हवरून आणि फोनवरून, दोन्हीकडून पुसा.

हा उपाय शंभर टक्के नाही. मोठ्या ऑफिस मशीनमध्ये स्वतःची हार्ड डिस्क असू शकते. पण डेस्कटॉपवर उघडी पडलेली फाइल आणि मशीनच्या पोटातली फाइल यात मला तरी फरक वाटतो. पेनड्राइव्हवर त्या दिवशी लागणारे कागदच ठेवा, लग्नाचे फोटो, बँकेची स्टेटमेंट्स नकोत. दुकानात तो मशीनऐवजी कॉम्प्युटरला लावतील, तर व्हायरसही घरी येतो. म्हणून दुकानात शिरताच पहिला प्रश्न हाच विचारा, "दादा, पेनड्राइव्ह थेट मशीनला लागतो का?"