उन्हाची बाजू

आमच्या चिरंजीवांनी मागच्या वर्षी अमेरिकेतून छायाचित्रांचा एक भला मोठा संच पाठविला. तो आणि आमची सूनबाई अशी दोघे मोटारीच्या मागे एक चाकांवरचे घर जोडून यूटा नावाच्या संस्थानात पंधरा दिवस हिंडून आली होती. त्या घरात पलंग होता, शेगडी होती, पाण्याचा नळ होता. रात्री ओसाड माळावर मुक्काम करावा आणि दिवसा पाठीवर पिशवी टाकून तांबड्या दऱ्यांतून पायपीट करावी, असा त्यांचा क्रम. छायाचित्रे पाहता पाहता मी सवयीप्रमाणे एक व्याख्यान दिले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातील वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन हा खडक बनला. मग पाण्याने तो करवतीसारखा कापीत नेला, आणि पृथ्वीने आपले पोट उघडे करून दाखवावे तशी ही दरी झाली, वगैरे वगैरे. हिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माझी व्याख्याने ऐकून घेण्याची कला तिला चांगली साधली आहे. मग एका चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे आमच्या भामेरच्या वाटेसारखंच आहे की!"

मी हसलो. आता वाटते, त्या वेळी हसलो नसतो तर बरे झाले असते.

हिचे माहेर साक्री तालुक्यातले, निजामपूरच्या अलीकडचे एक लहानसे गाव. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती मला म्हणाली होती, "एकदा भामेरला जाऊ या. लहानपणी आम्ही सारख्या जायचो." मी नुकताच इंग्रजीचा अध्यापक झालो होतो, वर्ड्‌स्वर्थची सरोवरे डोळ्यांपुढे नाचत होती. भामेरला पाहण्यासारखे आहे काय, असे विचारून मी तिला महाबळेश्वरला नेले. तिथे तीन दिवस धुके होते आणि आम्हांला काहीच दिसले नाही. पण गोष्ट निघाली ती तिथेच संपली. पुढे मी सह्याद्रीतले किल्ले पुष्कळ पाहिले, मित्रांबरोबर पाहिले. ही घरी राहिली. मी परत आलो म्हणजे ती गरम पाणी काढून ठेवी आणि मी सांगे ते ऐके. खानदेशाकडे मात्र मी आगगाडीच्या खिडकीतून पाहावे तसेच पाहत आलो: बाभळी, बोरी, साबराची कुंपणे, काळे दगड, आणि सह्याद्रीच्या पाठीमागे पडल्यामुळे पावसाला मुकलेला माळ.

यंदा डॉक्टरांनी हिचे दोन्ही गुडघे बदलावे लागतील असे सांगितले. घरी आल्यावर ती इतकेच म्हणाली, "मग त्याच्या आधी एकदा." वाक्य पुरे करण्याची गरज नव्हती.

चाकांवरचे घर कोठून आणायचे, हा प्रश्न माझ्या शालकांनी सोडविला. त्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली धुऊन काढली, तळाशी कडब्याच्या पेंढ्या पसरल्या, त्यांवर गाद्या घातल्या आणि बांबू वाकवून वर ताडपत्री ताणली. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्या कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा भारा. पौषातल्या एका सकाळी हे आमचे घर एका निंबाखाली नेऊन ठेवले. ट्रॅक्टर कांद्याच्या कामाला हवा होता, म्हणून तो सोडवून घेऊन ते निघून गेले. "तीन दिवसांनी येतो, दाजी," असे म्हणाले, आणि जाता जाता बहिणीकडे पाहून जरा हसले. प्रोफेसरांचा हा छंद किती तास टिकतो, याविषयी दोघा भावंडांत काही पैज लागली असावी, असा माझा संशय आहे.

आता त्या प्रदेशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. नाहीतर पुढची माझी फजिती कळणार नाही. दख्खनचा हा सारा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचा आहे, हे शाळेतल्या पुस्तकातही असते. पण वर येता येता काही लाव्हा भेगेतच थिजून बसला. सभोवतालचा खडक ठिसूळ होता. तो पावसापाण्याने हळूहळू झिजून वाहून गेला. भेगेतला कठीण दगड मात्र राहिला आणि भिंतीसारखा उघडा पडला. अशा भिंती धुळे-नंदुरबार भागात ज्या संख्येने आहेत, तशा फार थोड्या ठिकाणी असतील. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका भूशास्त्रीय अभ्यासात एक किलोमीटरहून लांब अशा 210 भिंतींची नोंद आहे. त्यांची रुंदी तीन मीटरपासून बासष्ट मीटरपर्यंत. जवळजवळ सगळ्या उभ्या, आणि जवळजवळ सगळ्या पूर्व-पश्चिम. सर्वांत लांब भिंत साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाते. ती 79 किलोमीटरांची आहे. म्हणजे मुलाने पाहिले ते आणि आम्ही पाहिले ते एकमेकांचे उलट होते. तिथे खडक उभा राहिला आणि भेग रिकामी झाली. इथे भेग उभी राहिली आणि खडक गेला. हा विचार मला सुचला तेव्हा मी इतका खूष झालो की दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाताना तो हिला दोनदा ऐकविला.

त्या दिवशी आम्ही एका भिंतीच्या कडेने पश्चिमेकडे निघालो. दूरून ती एखाद्या पडक्या तटासारखी दिसते. जवळ गेल्यावर दिसते की दगडांचे आडवे चिरे एकावर एक रचल्यासारखे आहेत. कुणा गवंड्याने ओळंबा लावून बांधावी तशी ती रचना. गावोगावी अशा भिंती राक्षसांनी किंवा पांडवांनी एका रात्रीत बांधल्याच्या कथा निघतात, त्यात नवल नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. म्हणून पूर्व-पश्चिम भिंतीच्या उत्तरेला चांगली सावली असते. मी अर्थातच सावलीची बाजू धरली. ही म्हणाली, "पलीकडून जाऊ या का?" मी म्हणालो, "उन्हातून कशाला?" ती काही बोलली नाही.

दोन तास सुखाचे गेले. मग वाट संपली. भिंतीला खिंड दिसेना, पायांखाली नुसते गोटे, आणि माझ्या फोनवरचा नकाशा ठामपणे असे सांगू लागला की आम्ही उभे आहोत तिथे काहीच नाही. पाण्याच्या दोन्ही बाटल्या संपल्या होत्या. त्यातली दीड मी प्यालो होतो, हे सांगितले पाहिजे. हिचा चेहरा पांढुरका दिसू लागला. ती एका दगडावर बसली, गुडघ्यावर हात ठेवून. मी परत फिरावे की पुढे जावे याचा हिशेब मोठ्याने करू लागलो, आणि अंतरांचे आकडे उच्चारता उच्चारता माझ्याच लक्षात आले की मला भीती वाटत आहे.

इतक्यात भिंतीच्या टोकाकडून मेंढ्या आल्या आणि त्यांच्या मागून एक ठेलारी म्हातारा. साक्री तालुक्यात या मेंढपाळ धनगरांची वस्ती पुष्कळ. वर्षाचा मोठा भाग त्यांचा संसार पाठीवरच असतो. म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिले. "कथा चालनात?" त्याने विचारले. मी शुद्ध मराठीत उत्तर देऊ लागलो. पण हिने त्याच्याशी अहिराणीत बोलायला सुरुवात केली. अठ्ठावीस वर्षांत मी हिला इतक्या भरभर बोलताना ऐकले नव्हते. आमच्या घरात ती माझी मराठी बोलते. अहिराणी फक्त माहेरचा फोन आला म्हणजे, तीही स्वयंपाकघरात. कुणाची विहीर, कुणाचा बांध, कोण वारले, असा पाच मिनिटांचा संवाद झाला. मग म्हाताऱ्याने काठीने एक अरुंद फट दाखविली. ती मला सावलीत दिसलीच नव्हती. एका नाल्याने भिंत फोडून केलेली ती घळ. दोन्ही हात पसरले तर दोन्ही कडांना लागावेत एवढी. मुलाच्या छायाचित्रांतल्या दऱ्यांपुढे ती एखाद्या दाराच्या फटीएवढी. तिच्यातून आम्ही पलीकडे गेलो, आणि पलीकडे विहीर होती.

पाणी प्यायल्यावर हिने सांगितले ते असे. नाला दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. जमिनीखालचे पाणीही तिकडेच सरकते. वाटेत ही भिंत आडवी येते आणि ते अडते. म्हणून विहिरी भिंतीच्या वरच्या अंगाला, उन्हाच्या बाजूला. खालच्या अंगाला खणले तर नुसता खडक. "लहानपणी पाण्याला यायचो ना आम्ही. सावलीची बाजू कोरडी, हे सगळ्या पोरींना माहीत होतं." मी विचारले, "मग सकाळी सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "विचारलं होतं मी. तुम्ही म्हणालात, उन्हातून कशाला."

मला रागही आला आणि लाजही वाटली. राग येण्याचे कारण नव्हते, म्हणून तो अधिक वेळ टिकला. रात्री ट्रॉलीजवळ पऱ्हाट्या पेटवून हिने वांगी भाजली. कळण्याची भाकरी आणि भरीत खाईपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही. खानदेशातली पौषातली थंडी ताडपत्रीला जुमानीत नाही. उशिरा कधीतरी मी विचारले, "भामेरला तुम्ही कशाला जात होता?" मग ती बोलू लागली. सरपणाला जात, बोरांना जात, लेण्यांत बसून ओरडत आणि आपलाच आवाज ऐकत. एकदा एक मैत्रीण घसरून पडली आणि तिला चौघींनी पाळीपाळीने पाठीवर घेऊन आणले. या मैत्रिणीचे नावही मी पूर्वी ऐकलेले नव्हते. ती माझ्या लग्नाला आली होती म्हणे.

तिसऱ्या दिवशी भामेर. गावातच जुन्या वैभवाचे कोरीव दगड कुठे पायरीला, कुठे ओट्याला लागलेले दिसतात. अहिर राजांची ही राजधानी असे लोक सांगतात. वर डोंगराच्या कडेत लांबच्या लांब ओळीने कोरलेली लेणी आहेत, बहुतेक साधी, चौकोनी खांबांची. तिथपर्यंत ही चढली. कशी चढली ते लिहीत नाही. लेण्याच्या उंबऱ्यावर बसून ती म्हणाली, "मी इथे थांबते. तुम्ही माथ्यावर जाऊन या." मी नको म्हटले, तेव्हा ती जरा चिडून म्हणाली, "जा ना. मला इथेच यायचं होतं."

माथ्यावरून सारा मुलूख दिसला. डोंगरांवर पवनचक्क्या फिरत होत्या. याच तालुक्यात शिवाजीनगरला 2013 साली सव्वाशे मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. आमच्याकडचे ऊन आणि वारा जगाला इतक्या उशिरा उपयोगी वाटले, आणि मला तर तेवढेही वाटले नव्हते. खाली माळावर त्या काळ्या भिंती एकीमागून एक पूर्वेकडे गेलेल्या होत्या. प्रत्येकीच्या उन्हाच्या बाजूला हिरवे तुकडे होते. मी ते मोजू लागलो. मग खालून, लेण्याच्या आतून, कुणीतरी एकदा लांबलचक हाक मारली आणि ती परत आली. ती हाक मला नव्हती.

संध्याकाळी ट्रॅक्टर आला. पाहुण्याचा मान म्हणून शालकांनी मला चाकावरच्या पत्र्यावर, स्वतःच्या शेजारी बसविले; ही मागे ट्रॉलीत, गाद्यांवर. निजामपूरचा रस्ता लागण्यापूर्वी मी त्यांना थांबायला सांगितले आणि उतरून मागे जाऊ लागलो.

"दाजी, मागे धूळ लागेल," ते म्हणाले.

धूळ लागली. घरी येईपर्यंत दोघांचेही केस पांढरे झाले होते.