कारल्याचा रस, काढा आणि साखरेची गोळी



चातुर्मास लागला की आपल्या ओट्यावर सुंठ, मिरी, हळदीचे डबे पुढे येतात. आलं आपल्याला चालत नाही, सुंठ चालते. बोईसर-पालघरकडे पावसात गुळवेल तर कुंपणावरच मिळते. झाडपाल्याचं आहे, प्राणिज काही नाही, मग अपाय कसला, असं आपण धरून चालतो. तारापूर एमआयडीसीत गोळ्यांचा कच्चा माल बनतो, ते तेवढं ‘केमिकल’!

माझ्या सासूबाईंना साखरेसाठी ग्लिमेपिराइड चालू. शेजारच्या काकींनी सांगितलं म्हणून उपाशीपोटी कारल्याचा रसही सुरू झाला. गोळी साखर उतरवते, कारलंही उतरवतं. त्यात चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. एका रात्री दोन वाजता दरदरून घाम, हात थरथरताहेत. मशीनवर साखर ५४. तरी आई तोंड उघडेनात, पच्चक्खाण मोडेल म्हणून. ह्यांनी समजावलं, “आई, जिवावर बेतलं तर त्यासाठी पच्चक्खाणातच आगार ठेवलाय.” तेव्हा कुठे साखरेचं पाणी घेतलं.

डॉक्टरांनी सकाळी सगळ्या बाटल्या, पुड्या मागवल्या. गोळ्यांची यादी त्यांच्याकडे होतीच, रसाचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला काय औषध म्हणायचं, असं आईंना वाटायचं.

ज्यांच्या घरी रक्त पातळ ठेवायची वॉरफरीन चालू आहे, त्यांनी हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळलं तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, मग बीपीची गोळी काय करणार? थायरॉइडची गोळी आणि इसबगोल यांतही काही तासांचं अंतर हवं.

गुळवेलीचं तर मुंबईतच घडलं. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात ती घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण मग कुंपणावरची कोणती, हे तुम्ही-मी कसं ओळखणार?

पर्युषणात अठ्ठाईचा विचार असेल आणि गोळ्या चालू असतील, तर पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या. आईंना यंदा उपवासाला नाही म्हटलंय. त्या बियासणं करताहेत, गोळी सकाळच्या बैठकीबरोबर. काकींनाही यादी दिली आहे, त्या अजून रुसलेल्याच आहेत.