यूविना क्यू

एसटीच्या मागच्या पाटीवरची दोन अक्षरे घ्यायची आणि ती त्याच क्रमाने येतील असा सर्वात लांब इंग्रजी शब्द शोधायचा, हा माझा आणि लेकीचा जुना उद्योग. मराठवाड्यात राहणाऱ्याला यात फार वाव नाही. एसटीची गाडी चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बांधलेली असली तर बऱ्याचदा एमएच 20 बीएल असायची, दापोडीची असली तर बऱ्याचदा एमएच 14 बीटी. त्यामुळे बी-एल आणि बी-टी आमचे पाठ झाले. बी-एलला रिस्पॉन्सिबिलिटी, 14 अक्षरे. बी-टीला इन्कम्पॅटिबिलिटी, 15 अक्षरे.

यातली गोम लेकीला लवकर कळली. इंग्रजीतला लांब शब्द डोके खाजवून सापडत नाही, तो शेपटीकडून सापडतो. 'इबिलिटी' ही एक शेपटी धरली की बी, एल, टी, वाय एका दमात हाती लागतात. झेड हवा असेल तर 'आयझेशन' धरायचे, इंडस्ट्रियलायझेशनची 17 अक्षरे झाली. क्यूला मात्र अशी शेपटी नाही. तो शब्दाच्या पोटात असतो आणि यूला चिकटून असतो: डिस्क्वालिफिकेशन 16, इन्कॉन्सिक्वेन्शियली 17. यू मिळाला तर क्यू सोन्याचा, नाहीतर गळ्यातला धोंडा.

स्क्रॅबल खेळणाऱ्यांना हा धोंडा चांगला माहीत आहे. हा खेळ आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930च्या दशकातल्या मंदीत, काम नसताना तयार केला. कुठले अक्षर किती वेळा लागते हे त्याने वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवरून मोजले. त्या मोजणीतून ई अक्षराच्या 12 सोंगट्या झाल्या, प्रत्येकी एक गुण. क्यूची सोंगटी एकच, गुण 10. आमच्या घरी ही सोंगटी आली की लेक ओरडायची, "अब्बा, क्यू आया, यू नहीं है!"

मग मी कॉलिन्सच्या शब्दयादीत यूविना क्यूचे शब्द शोधायला बसलो, आणि वाचता वाचता आपल्याच मोहल्ल्यात शिरल्यासारखे वाटले. फकीर, निकाब, तलाक, किबला, वक्फ, फिक्ह, कव्वाल, कव्वाली. चिनी आणि हिब्रू शब्दही आहेत, पण अरबीचा भरणा मोठा. कारण साधे आहे. अरबी काफ दोन. एक आपला साधा क, दुसरा पडजिभेपासून निघणारा. त्या दुसऱ्यासाठी युरोपातल्या अभ्यासकांनी क्यू वापरला आणि त्यांच्या पुस्तकांतून तो शब्दकोशांत गेला. कव्वालीचे सातही अक्षर एकदम लावले तर 22 गुण आणि वर 50चा बोनस. वक्फ चारच अक्षरांचा, पण 19 गुणांचा.

सगळ्यात आवडला तो मुकद्दम. आठ अक्षरे, त्यात यू आहे पण क्यूच्या आधी! हा आपला मुकादम. बीडकडे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दिवाळीच्या आसपास टोळीला उचल देऊन कारखान्यावर घेऊन जातो तो मुकादम. त्याच्या शब्दाला इंग्रजी शब्दकोशात जागा आहे, हे ऊसतोडीच्या फडात सांगितले तर लोक हसतील.

मराठीने मात्र हा दुसरा काफ कधी वेगळा ठेवला नाही. कायदा, कैद, किल्ला, मुक्काम, तालुका, बाकी, फरक, कबूल, हक्क हे सगळे मुळात त्या काफचे. दिवसभर बोलतो, पण कुठे कळते? आमच्या दखनीने तर त्याचा ख केला. आमच्याकडचे म्हातारे 'क़बर'ला 'खबर' म्हणतात, म्हणजे पुरलेला माणूस बातमीत जातो. मराठीतला बुरखा आणि मुंबई इलाखा यांतला ख याच वाटेने आला असावा असे मला वाटते.

आता आमचे आडनाव. काझी. खेळाच्या यादीत हा न्यायाधीश तीन प्रकारे लिहिलेला चालतो: सी लावून, के लावून, क्यू लावून, तिन्ही ठिकाणी झेडऐवजी डी. कुणी हरकत घेत नाही. आम्ही मात्र घरात दोनच प्रकार वापरले आणि तेवढ्यानेच पंचाईत झाली. माझ्या अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर क्यू आहे. मास्तरांनी मराठीत 'काझी' ऐकले आणि माझ्या दाखल्यावर के लिहिला. लेकीच्या जन्मदाखल्यावर क्यू, मार्कशीटवर के. एका कार्यालयातल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले, "ही एकच मुलगी कशावरून?" मी काफचे सांगायला लागलो, त्यांनी प्रतिज्ञापत्र आणायला सांगितले. त्यांचेही बरोबर असेल. पण मतदारयादी, आधार, पासपोर्ट, शिष्यवृत्ती, सगळीकडे एका अक्षरावर माणूस अडतो, आणि आमच्या वस्तीत असे अडलेले घर एकच नाही. हुसेनमधला एस एक की दोन, शेखचा शेवट केएचने की नुसत्या केने, सय्यदचे तर विचारूच नका.

यादीत आणखी एक गंमत सापडली. के-ए-झेड-आय हा शब्दही तिथे आहे, पण त्याचा न्यायाशी संबंध नाही. ब्रिटिश बोलीत तो संडासाला म्हणतात. दखनी उच्चाराप्रमाणे मध्ये एच घातला तरी अर्थ तोच. हे वाचून लेक अर्धा तास हसत होती, आणि तिची अम्मी मला म्हणाली, "ये तुमे पढाए उसकू?"

प्रतिज्ञापत्र झाले आहे. राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यायची आहे आणि त्यासाठी एक अक्षर ठरवायचे आहे. मार्कशीटवर के असल्याने के ठेवणे सोपे, खर्चही कमी. लेकीचे म्हणणे, क्यू ठेवा, दादांचा आहे. शिवाय केला पाचच गुण मिळतात.