पापाची वही

पाप हा शब्द आमच्या घरांतून इतका सैल वापरला जातो कीं, त्याला वजन असें फारसें उरलेलेंच नाहीं. पुस्तकाला पाय लागला, पाप. मीठ सांडलें, पाप. ताटांत अन्न टाकलें, पाप. पूजा आटोपल्यावर स्वतःभोंवतीं प्रदक्षिणा घेत आपण पापी आहों अशी संस्कृतांत कबुली देणारीं वडील माणसें आम्हीं लहानपणीं पाहिलीं आहेत. कबुली संपली कीं तीं शांतपणें भाजी निवडावयास बसत. त्यांना आम्ही दांभिक म्हणणार नाहीं. पाप ही त्यांच्या लेखीं चित्रगुप्ताच्या वहींतील खर्चाची बाजू होती. एकादशी, दान, तीर्थ ही जमेची. ती वही या जन्मांतच मिटावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. (संतांनीं ही वही केव्हांच भिरकावून दिली होती, हें खरें, नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताकडे जातांना तुकोबांची सोबत सोडावीशी वाटली नाहीं, तें बहुधा यामुळेंच.)

ख्रिस्ती धर्मांत जमाखर्चाची भाषा नाहींच असें नाहीं. तेथेंहि पापाला ऋण म्हटलें आहे. परंतु नव्या कराराच्या ग्रीक भाषेंत पापासाठीं जो नेहमींचा शब्द येतो, ‘हामार्तिया’, त्याच्या मुळाशीं नेम चुकण्याची कल्पना आहे. आणि लूकच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची गोष्ट पहा. पैसे किती उडाले हें बाप विचारीतहि नाहीं. मुलानें वाटेंत पाठ करून आणलेलें क्षमायाचनेचें भाषण त्याला पुरतें म्हणूं सुद्धां दिलें जात नाहीं. ‘मला चाकर म्हणून ठेवा’ हें वाक्य त्याच्या ओठांवरच राहतें. मुलाचें खरें पाप उधळपट्टीच्या आधींच घडलें होतें. बाप जिवंत असतां त्याच्यावांचून राहतां येईल असें त्यानें मानलें, तेंच तें. म्हणून त्याची सुटका घरीं येण्यांतच झाली.

हें वाचावयास सोपें आहे. पण घरीं येऊनहि माणूस ओसरीवर किती वर्षें बसून राहूं शकतो, याचें उदाहरण आमच्याच महाराष्ट्रांत आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. त्यांच्यासारखी तयारी करून त्या धर्मांत आलेलीं माणसें थोडीं. संस्कृत त्यांना वडिलांच्या घरीं मिळालें, ‘सरस्वती’ ही पदवी कलकत्त्याच्या पंडितांनीं दिली. आणि बाप्तिस्म्यानंतरहि वाँटेजच्या भगिनींशीं त्यांनीं सिद्धांताच्या एकेका मुद्यावर वाद घातला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. लोकसेवा, विद्या, त्याग, सर्व कांहीं होतें. असें असतां १९०७ सालच्या आपल्या निवेदनांत त्या स्वच्छ सांगतात कीं, पहिल्या आठ वर्षांत आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता.

हें विधान आम्हांस त्यांच्या सर्व कार्याइतकेंच धैर्याचें वाटतें. ज्या धर्मासाठीं स्वजनांचा रोष पत्करला, त्याच्या आंत आठ वर्षें काढून आपण रिकाम्याच होतों असें जगापुढें म्हणणें ही साधी गोष्ट नव्हे. त्यांना वाट दाखविली ती कोणा महापंडितानें नव्हे. विल्यम हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त त्यांच्या हातीं आलें. हा गृहस्थ १८५१ सालीं कॉर्नवॉलमधील बाल्डू गांवच्या देवळांत प्रवचन करीत असतां, स्वतःच्याच शब्दांनीं स्वतः पालटला! बोलणारा आणि ऐकणारा एकच. उपदेशकांत ही घटना दुर्मिळच म्हणावयाची. तें वाचून रमाबाईंना उमगलें तें एवढेंच कीं, आधीं योग्य व्हावें आणि मग देवाजवळ जावें, हा क्रमच उलटा आहे. जशा आहों तशा जावयाचें, पुढचें त्याच्याकडे.

पुढें १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून त्यांनीं शेंकडों मुली आणल्या आणि केडगांवास वस्ती उभी राहिली. तिचें नांव ‘मुक्ति’. आणि ज्या स्त्रियांना समाज पतित म्हणे त्यांच्यासाठीं काढलेल्या घराचें नांव ‘कृपासदन’. हीं नांवें त्यांनीं स्वतः मोजलेल्या किंमतीचीं होतीं.

आतां शंका येतेच. क्षमा इतकी सुलभ असेल तर पाप करावयास मोकळीकच नाहीं का? शंका जुनी आहे. पौलानें रोमकरांस पत्र लिहितांना ती स्वतःच काढून फेटाळली आहे. आम्हांला मात्र तिचें उत्तर तर्कापेक्षां माणसांत अधिक दिसतें. सतराव्या शतकांत पॅरिसच्या एका कार्मेल मठांत बंधु लॉरेन्स नांवाचा लंगडा, माजी शिपाई स्वयंपाकघरांत काम करीत असे. आपण पापी आहों या विचारानें त्यानें प्रथम अनेक वर्षें यातना काढल्या. नंतर भांड्यांच्या खणखणाटांतहि देव जवळ आहे असें धरून चालण्याची त्याला संवय झाली. चूक झाली तर ती देवाला सांगावयाची, आणि पुन्हां कामाला लागावयाचें. चुकीला कुरवाळीत बसावयाचें नाहीं. पश्चात्तापांतहि माणूस स्वतःभोंवतींच फिरत राहूं शकतो, हें त्या आचाऱ्यानें ओळखलें होतें.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध ख्रिस्ती शिक्षक नगर जिल्ह्यांत राहतात. धाकट्या भावाशीं बांधावरून त्यांचा अबोला होता. तो तसाच असतां भाऊ एकाएकीं गेला. गुरुजी जन्माचे प्रार्थना करणारे, पण त्यानंतर वर्षभर रोज रात्रीं तीच क्षमा मागत आणि रोज सकाळीं तेंच ओझें घेऊन उठत. एकदां आम्हीं भीत भीत विचारलें, “गुरुजी, क्षमा झाली असें तुम्हीच शिकवितां ना?” ते हंसले. म्हणाले, “झाली होती हो; मीच दाराबाहेर उभा राहून अर्ज करीत होतों.” पुढें त्यांनीं मागणें सोडलें आणि देवापाशीं नुसते बसूं लागले, भावाचें नांव घेऊन, कधीं तासभर, कधीं पांच मिनिटें. तिसऱ्या महिन्यांत ते तलाठ्याकडे गेले आणि वादाची पट्टी पुतण्याच्या नांवें करून देण्याच्या खटपटीस लागले. कोणीं सांगितलें नव्हतें. देवाजवळ बसल्यावर ती पट्टी हातांत धरून ठेवतां येईना, एवढेंच त्यांचें स्पष्टीकरण.

आम्ही ख्रिस्ती नाहीं, आणि गुरुजींनीं आम्हांस तसें होण्याविषयीं कधीं सुचविलें नाहीं. पण त्यांच्या त्या बसण्याचा आम्हांस हेवा वाटतो, हें लपवीत नाहीं. आमच्याकडे पाठांतर पुष्कळ आहे. बसण्याची जागा अजून शोधतों आहों. गेल्या हिंवाळ्यांत त्यांच्याकडे गेलों तेव्हां पुतण्यानें त्याच पट्टींतला हुरडा आणून दिला होता. गुरुजींनीं अर्धा आमच्या ताटांत वाढला, आणि चटणी तिखट आहे, जपून घ्या, म्हणाले.