आधी वजन, मग स्प्रिंग

यशवंतपुरात बर्फ दिसतो तो रसवंतीच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला. अशा ठिकाणी बसून मी दोन महिने स्नो स्कूटरचं मागचं सस्पेन्शन निवडत होतो. पोस्टिंग बंगळुरूची, घर यशवंतपूरला आणि गाडी गुलमर्गला, साधारण २,६५० मीटरवर. गाडी माझी नव्हे. माझ्याबरोबर हिमनदीवर नोकरी केलेल्या एका काश्मिरी नायब सुभेदार साहेबांची.

साहेब आता निवृत्त आहेत. हिवाळ्यात गुलमर्गला पर्यटकांना स्नो स्कूटरवर फिरवतात. आमच्यातले पुष्कळ जण तिथल्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये बर्फावर चालायला शिकले, त्यामुळे त्या उतारांची ओळख वाचकांपैकी अनेकांना असेल. साहेबांनी एक जुनी, लांब पट्ट्याची डोंगरी गाडी विकत घेतली. मागच्या मोसमात एका कडक उंचवट्यावर तिचं मागचं सस्पेन्शन तळाला आपटलं आणि मागे बसलेल्या बाईंच्या कंबरेला असा झटका बसला की त्या तीन आठवडे झोपून होत्या. साहेबांची स्वतःची कंबरही नोकरीतच कामातून गेलेली. ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला, “सर, बाहेरून अख्खा सेट मागवू का?”

अख्खा सेट म्हणजे अमेरिकेतून येणारा मागचा पूर्ण सांगाडा, कस्टम ड्युटी धरून चार लाखांच्या घरात. जानेवारी २०२४ गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला होता, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. ज्या धंद्यात अख्खा महिना बर्फाशिवाय जाऊ शकतो, त्यात चार लाख घालायचे तर आधी विचार हवा.

मी एनडीएतून निघाल्यावर सिकंदराबादच्या मिलिटरी कॉलेज ऑफ ईएमईत इंजिनियर झालो आणि पुढे बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये गेली. स्नो स्कूटरचा मागचा भाग मोटारसायकलसारखा नसतो. रबरी पट्ट्याच्या आत दोन लांब रूळ असतात, त्यांच्या तळाला प्लॅस्टिकच्या पट्ट्या. हे रूळ दोन दांड्यांनी वरच्या सांगाड्याला जोडलेले आणि प्रत्येक दांडीला एक शॉकअप. मागचा शॉकअप वजन पेलतो. पुढचा ठरवतो की ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी किती नाक वर करेल. पुढच्या दांडीला एक पट्टाही बांधलेला असतो. तो आखडला की वजन स्कींवर येतं आणि चढावर नाक खाली राहतं, सैल सोडला की हँडल हलकं होतं. म्हणजे एका जागी हात लावला की दुसरीकडे फरक पडणारच.

साहेबांच्या मनात हवेचे शॉकअप होते. वजनाला हलके, पंपाने कमी-जास्त करता येणारे, व्हिडिओत उड्या मारणाऱ्या पोरांच्या गाड्यांना लावलेले. पण ती पोरं एकटी असतात आणि मऊ, खोल बर्फात चालवतात. साहेब दोन माणसं घेऊन दिवसभर दाबून कडक झालेल्या वाटेवर चालतात. शिवाय हवेचं गणित थंडीत बदलतं. इथे २७ अंशांना भरलेली हवा उणे १० अंशांत नेली की तिचा एकूण दाब सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. रोज सकाळी पंप घेऊन बसायची तयारी असेल तर ठीक. सील गेला तर मात्र गाडी त्याच क्षणी बसली. पोलादी स्प्रिंगला थंडीचा फारसा फरक पडत नाही.

ह्या विचारात असताना एका रविवारी मी यशवंतपूरच्या मार्केट यार्डात कांदे घ्यायला गेलो. महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक तिथे येतात, त्यामुळे मराठी कानावर पडतं. निफाडकडचा एक ड्रायव्हर मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून पाटे तपासत होता. सहज विचारलं, “एक पाटा जास्त टाकलाय का?”

“टाकलाय ना, साहेब. पण आधी वजनकाट्यावर जाऊन आलो, मग टाकला. न मोजता टाकला तर रिकामी गाडी येताना हाडं खिळखिळी करते.”

घरी येऊन साहेबांना फोन केला. सेट राहू दे, आधी टेप घ्या म्हटलं. बर्फ पडला नव्हता, गवतावरच मोजलं. मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण सैल असताना जमिनीपासून उंची ६६ सेंटिमीटर. साहेब एकटे बसले तर ५४. मुलाला मागे बसवलं तर ४६. गाडीची मागची हालचाल एकूण ४० सेंटिमीटरची. एकट्याने १२ सेंटिमीटर बसते, म्हणजे तिसऱ्या हिश्शाला थोडं कमी. हे अगदी योग्य. दोघांनी २० बसते, म्हणजे निम्मी हालचाल उभ्या गाडीतच संपली. उंचवट्यासाठी शिल्लक काय राहणार?

सस्पेन्शन वाईट नव्हतंच. ते एका माणसासाठी बनवलेलं होतं.

स्प्रिंगची रिंग फिरवून घट्ट करता येते, पण त्याने स्प्रिंग कडक होत नाही, नुसती आधीच दाबून बसते. गाडी उंच दिसते, आणि आपटायची ती आपटतेच. जाड तारेची स्प्रिंग हवी होती. तारेची जाडी थोडी वाढली तरी ताकद चौथ्या घाताने वाढते. १० मिलिमीटरची तार १०.५ केली तर स्प्रिंग साडेएकवीस टक्के कडक होते. यशवंतपूरहून तुमकूर रस्त्याने थोडं पुढे गेलं की पीन्या औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या एका छोट्या कारखान्यात शॉट पीनिंग करून स्प्रिंग बनवून घेतली. जाड तारेचे वेढे पूर्ण दाबल्यावर जास्त जागा खातात. शॉकअप पूर्ण बसायच्या आधी वेढे एकमेकांना टेकणार नाहीत, एवढं मोजून पाहिलं.

साहेबांनी शॉकअप कुरियरने पाठवला होता. तोही उघडला, कारण कडक स्प्रिंग परत उसळते जोरात. तेलाचा अडथळा जुनाच ठेवला तर मागचा माणूस खाली आपटायच्या ऐवजी वर उडेल. आतल्या पातळ चकत्या बदलून परतीचा वेग कमी केला, थंडीत घट्ट न होणारं तेल घातलं आणि नायट्रोजन भरून दिला. सगळा खर्च चार लाखांच्या दहाव्या हिश्शाच्याही आत.

जानेवारीत साहेबांनी आकडे कळवले. दोघं बसल्यावर साडेसोळा सेंटिमीटर, रिंग थोडी घट्ट केल्यावर १५. मोसमभर गाडी एकदाही तळाला लागली नाही. फुकट काहीच मिळत नाही म्हणा. एकटे परतताना गाडी टणक वाटते आणि हँडल जड झालंय. त्यासाठी पुढचा पट्टा एक भोक सैल करायला सांगितलं. बर्फ पातळ असेल तेव्हा रुळांखालच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा, हेही सांगितलं. त्याला थंडावा आणि वंगण बर्फाचंच मिळतं, नाहीतर ते वितळतं.

इथल्या स्टेशनवरून चंदीगडच्या गाडीत बुलेट चढवून लेहला निघालेले बरेच निवृत्त मित्र विचारतात, मागे कुठल्या कंपनीचे शॉकअप टाकू? कंपनी नंतर. वहिनी मागे बसणार का, सामान किती, ते ठरवा. मग सगळ्यांसकट गाडीवर बसा आणि तिसऱ्या माणसाच्या हातात टेप द्या.