मापाचा कोट
१९७३ साली शिक्षकाच्या मुलाखतीला मी मामांचा कोट घालून गेलो होतो. बाह्या पार बोटांपर्यंत. उत्तरं देताना सारं लक्ष हात लपवण्यात! ती नोकरी मिळाली नाही.

परवा नातू म्हणाला, "आजोबा, मुलाखतीला सूट हवाय, पण तीनच हजार आहेत." मोडनिंबहून दोघं सोलापूरला गेलो. गणवेश शिवणारं शहर, तयार कपड्यांना तोटा नाही. दुकानदार रंग दाखवत होता, मी खांदे बघत होतो. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते. खांदा उसवणं मात्र महागात पडतं. शिंप्याने बाही मनगटाशी आणली.

आरशासमोर नातवाने हात सहज खाली सोडले. मला तेवढंच बघायचं होतं.