पाण्याच्या दिवशी

आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. कधी पहाटे साडेतीनला, कधी भर दुपारी. उजनीहून शंभरेक किलोमीटर आलेलं हे पाणी भरताना माणूस आधी हंडे बघतो, मग टाकी, मग बॅरल. वांग्याचं रोप त्याच्या ध्यानातही येत नाही. तरी 2019 च्या जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाले आणि घरामागच्या दहा बाय पंधरा फुटांच्या तुकड्यात भाजी लावायचं ठरवलं. ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "आधी प्यायला पुरतंय का बघ, मग तुझ्या दोडक्याला पाज."

म्हणून पाण्याची काटकसर सुरू केली आणि पहिली चूक तिथेच झाली. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालत होते ते ठीक. पण आरओच्या नळीतून दिवसाला दोन बादल्या पाणी बाहेर पडायचं, ते मोरीत जाताना बघवेना. महिनाभर ते घेवड्याला घातलं. पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरी साय धरली. मला वाटलं रोग पडला. मशीन पाण्यातले जे क्षार वेगळे काढतं ते सगळे त्याच बादलीत उतरतात, आणि घेवड्याला खारट पाणी अजिबात सोसत नाही, हे घेवडा गेल्यावर कळलं. आता त्या पाण्यानं अंगण धुते.

शेणखतातही फसले. "दोन वर्षांचं जुनं आहे बाई," म्हणून घातलेलं खत अर्धकच्चं निघालं. हातभर वाढलेल्या मिरच्या माना टाकायला लागल्या. एक रोप ओढलं तर मुळ्याच नाहीत. खाली चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या, पांढऱ्या अंगाच्या, तांबड्या डोक्याच्या अळ्या. हुमणी. न कुजलेल्या शेणखताबरोबर ती घरात चालत येते. सतरा अळ्या वेचल्या. बारा रोपांतली तीन राहिली.

टोमॅटोनं मात्र सगळ्यांत जास्त रडवलं, आणि त्यात टोमॅटोचा दोष नव्हता. पुण्याच्या बहिणीच्या नादानं मी रोपं फेब्रुवारीत लावली. एप्रिलमध्ये झाड फुलांनी पिवळं झालं आणि एक फळ धरेना. आमच्याकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. अशा उन्हाळ्यात टोमॅटोचं फूल फळ न धरताच गळून जातं. हिरवी जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, काही उपयोग नाही. हे रोज सकाळी गळलेली फुलं मोजून कॅलेंडरवर आकडा लिहायचे. टाळेबंदीत माणसांना काय काय छंद लागले!

मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा लावले. दसऱ्याआधी हिरव्या फळांचे घोस लागले होते. 14 ऑक्टोबर 2020 ला सोलापूर जिल्ह्यात जो पाऊस कोसळला तो इथल्या कुणी विसरणार नाही. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस बघणारा हा मुलूख. आमच्या परसात त्यानंतर तीन दिवस घोटाभर पाणी तुंबून होतं. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि ओली झाली की थेंब सोडत नाही. मुळ्या कुजल्या, उभी झाडं चार दिवसांत कोमेजली. गावोगावच्या शेतांचे फोटो येत होते, त्यांच्यापुढे माझी नऊ झाडं ती काय. तरी मी रडले. नंतर गवंड्याकडून विटांचे दीड फूट उंच वाफे बांधून घेतले आणि मातीत वाळू, पालापाचोळा, कडब्याचा चुरा मिसळला.

पुढच्या पावसाळ्यात दुधी जिन्यावर चढला. बोटाएवढी फळं यायची, पिवळी पडून गळायची. खत कमी पडतंय म्हणून मी घालत गेले. भिंतीपलीकडच्या अक्का हे सगळं बघत होत्या. त्या पद्मशाली, जन्म अशोक चौकाकडे गेलेला, नवरा यंत्रमागावर होता. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या फुलाचं लगीनच लागंना की ओ!" मग त्यांनीच दाखवलं. लांब देठाचं फूल नर. ज्याच्या मागे लव असलेला इवला दुधी असतो ते मादी. दुधीचं फूल उमलतं दिवस मावळताना आणि त्याचं काम करतात रात्रीचे पतंग. आमच्या कॉलनीत दिवे झगझगीत. पतंग होते ते सगळे दिव्यांवर. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला केसर मादीच्या तोंडाला हलक्या हातानं लावायचा.

तेव्हापासून संध्याकाळी सातला मी जिन्यावर आणि हे खाली मोबाइलचा दिवा धरून. समोरच्या घरातली पोरं खिदळायची. आठ फुलं अशी लावली, पाच धरली. पहिला दुधी उतरवला त्या दिवशी ह्यांनी तो तराजूवर ठेवला: एक किलो दोनशे ग्रॅम. तो आकडाही कॅलेंडरवर गेला. एक सांगून ठेवते. दुधी घरचा असो की मंडईतला, चिरताना कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागला तर जीव कितीही तुटो, सगळा फेकून द्या. कडू दुधी विषारी असतो. माझा तिसरा तसाच निघाला.

त्या वर्षभरात अक्कांच्या दारात मात्र अंबाडी माजलेली. त्या तिला पुंटिकूर म्हणतात. ना जाळी, ना फवारा. पाण्याच्या दिवशी मिळालं तर मिळालं. भर मेमध्ये पालक आडवा पडतो तेव्हा अंबाडी आणि गवार ताठ उभ्या असतात. मी पुण्याच्या वेळापत्रकानं बाग करत होते आणि उत्तर भिंतीपलीकडे होतं. आता उन्हाळ्यात त्या दोघींखेरीज काही लावत नाही. टोमॅटो ऑगस्टअखेर, उंच वाफ्यात. मार्च लागला की उपटून टाकते, मग फूल असो नाहीतर फळ.

2025 च्या भोगीला, 13 जानेवारीला, गावात यात्रेचे नंदीध्वज 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला निघाले होते आणि मी परसातून भाजी काढत होते. वांगी सात, त्यांतली तीन किडकी. अळीनं पोखरलेला भाग कापून टाकला. घेवडा, पावट्याच्या शेंगा आणि मूठभर मेथी घरची. गाजर आणि सोलाणे लक्ष्मी मंडईतून. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ती भाजी अक्कांकडे दिली, तर त्यांनी ताट परत करताना अंबाडीची चटणी घातली.

यंदा अंबाडीचं बी पुष्कळ धरलंय. हवं असेल तर डबी घेऊन या. पाण्याच्या दिवशी मात्र येऊ नका, मला दार उघडायला होणार नाही.